दम लागतो, मग चालायचं कसं?

प्रश्न : माझ्या आईनं उभा जन्म चुलीत पऱ्हाट्या-तुऱ्हाट्या जाळून स्वयंपाक केला. विडी कधी ओढली नाही, तरी सीओपीडी हा फुप्फुसाचा जुनाट आजार निघाला. डॉक्टर म्हणतात रोज चाला. घरचे म्हणतात, दोन पावलांत धाप लागते, बसून राहा. ऐकायचं कुणाचं?
— एक वाचक, बाळापूर

उत्तर : डॉक्टरांचं. चुलीचा धूर हे आपल्याकडच्या बायांच्या सीओपीडीचं मोठं कारण आहे. फुप्फुसाचं झालेलं नुकसान व्यायामानं भरून निघत नाही. फायदा होतो तो पायांना. बसून राहिलं की मांड्या-पोटऱ्या गळतात. मग तेवढ्याच कामाला ऑक्सिजन जास्त लागतो, धाप वाढते आणि माणूस आणखी बसतं. कमावलेला स्नायू कमी श्वासात तेच काम करतो. कॉक्रेन या संस्थेनं २०१५ साली ६५ चाचण्या एकत्र पडताळल्या. व्यायामावर आधारलेल्या उपचारानं धाप आणि थकवा कमी होतो, चालण्याची ताकद वाढते, असंच त्यांत दिसलं.

या आजारात आत घेतलेली हवा लवकर बाहेर पडत नाही. घाईघाईनं श्वास घेतला की ती आतच कोंडते. म्हणून दोन पावलांत नाकानं श्वास घ्यावा आणि ओठांचा चंबू करून चार पावलांत सावकाश सोडावा. दम लागला तर थांबून, ओट्याला हात टेकून किंचित पुढं वाकावं.

सुरुवात सपाट रस्त्यावर, पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. बाळापूरच्या किल्ल्याकडचा चढ इतक्यात नको. तुटक का होईना, बोलता आलं पाहिजे. तोंडून शब्द फुटेना झाला की वेग कमी करावा. हळूहळू सलग वीस-तीस मिनिटांवर यावं. एक दिवसाआड खाटेवरून हात न टेकता आठ-दहा वेळा उठ-बस करावी. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा पंचेचाळिशी गाठतो. तेव्हा फेरी उजाडताच उरकावी. कचरा पेटवलेला असेल, तर घरातच चालावं.

सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून चालतानाचा ऑक्सिजन मोजून घ्या. श्वासाचा पंप चालण्याआधी घ्यायचा का, तेही विचारा. छातीत दुखलं, भोवळ आली किंवा ओठ निळसर पडले तर लगेच थांबून दवाखाना गाठा. ताप किंवा बेडका वाढला, तर व्यायाम बंद ठेवून डॉक्टरांना दाखवा.

फरक पडायला आठ-बारा आठवडे लागतात. व्यायाम सोडला की कमावलेलं ओसरतं, तेव्हा फेरीला रोज घरातलं कुणीतरी सोबत जा. आणि चुलीपुढं मात्र आईला पुन्हा बसवू नका.