पाणी देणे आणि पाण्याला वाट देणे



आदिवासी मुलांच्या वसतिगृहात न्हाणीघराचे व स्वयंपाकघराचे सांडपाणी वाया न घालवता त्यावर केळी किंवा चारा पिकवावा, ही योजना चांगली आहे. मात्र तिच्यात एक प्रश्न बहुधा राहून जातो : मुळांनी न घेतलेले पाणी जाते कुठे?

पिकाला पाण्याइतकीच हवाही लागते. म्हणून तर शेतकरी वाफशाची वाट पाहतो. सांडपाणी मात्र रोज येते, भर पावसातही येते. निचरा नसेल तर जमिनीखालची पाण्याची पातळी चढते आणि मुळे गुदमरतात. उन्हाळ्यात तेच पाणी वर येऊन उडून जाते. क्षार मागे राहतात. साबण-सोड्यातील सोडियम साचला की भारी काळी जमीन चोपण होते आणि पाणी मुरेनासे होते.

यावर उपाय जमिनीखालच्या निचऱ्याचा. सुमारे मीटरभर खोल चर खणून त्यात सच्छिद्र पाइप एकसारख्या उताराने टाकतात व भोवती खडी-वाळूचा थर देतात. जास्तीचे पाणी पाइपातून बाहेर पडते.

पण बाहेर पडलेल्या पाण्याची जबाबदारी संपत नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहराचे सांडपाणी 1897 पासून वेरिबी येथील शेतजमिनीवर सोडले जाई. तेथे गवत वाढे, गुरे-मेंढ्या चरत. मातीतून झिरपलेले पाणी चरांवाटे पोर्ट फिलिप उपसागरात जाई. पुढे त्या पाण्यातील नत्राची काळजी वाटू लागली आणि 2005 च्या सुमारास ही पद्धत थांबवून शुद्धीकरणाचा भर तलावांवर देण्यात आला.

आपल्याकडे खाली उपसागर नसतो. पाड्याची विहीर असते. सांडपाण्यातील नत्राचे मातीत नायट्रेट होते व ते पाण्याबरोबर खाली जाते. त्याला रंग नाही, वास नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा आहे. अधिक असल्यास तान्ह्या बाळांना विशेष धोका असतो.

म्हणून एवढे करावे :

1. शौचालयाचे पाणी बागेत येऊ देऊ नये.
2. बागेत छिद्रे पाडलेली नळी उभी पुरावी व आठवड्याला काठीने पातळी मोजावी. पातळी चढू लागली की त्या वाफ्याला विसावा देऊन पाणी दुसरीकडे वळवावे.
3. पाइपातून निघालेले पाणी ओढ्यात सोडू नये. ते चाऱ्याच्या गवताला द्यावे. ते खारट असेल तर त्यात चांगले पाणी मिसळावे.
4. उताराखालच्या विहिरीचे पाणी पावसाळ्यापूर्वी व नंतर नायट्रेटसाठी तपासून घ्यावे.

विचारासाठी प्रश्न : आपली मंडळी अशा बागेसाठी देणगी देते तेव्हा त्या अंदाजपत्रकात निचऱ्याचा व पाणीतपासणीचा खर्च धरलेला असतो का? उताराखाली कोणाची विहीर आहे, हे आपण विचारले आहे का?