गेलेली नजर, राहिलेली नजर

(मामा ग्रामीण रुग्णालयातून नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. सई त्यांची भाची.)

सई : मामा, आईला काचबिंदू निघालाय. पण तिला तर पेपर स्वच्छ वाचता येतो!

मामा : येणारच. काचबिंदू आधी कडेची नजर खातो, मधली अगदी शेवटी. उंबऱ्याला ठेच लागते, बाजूने आलेली स्कूटर दिसत नाही, आणि माणूस म्हणतो वय झालं. बहुतेकांना दुखतही नाही.

सई : मग ऑपरेशन करून टाकू. आजीचा मोतीबिंदू काढलाच की!

मामा : झालं! सगळे हेच म्हणतात. अगं, मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं, ते बदलता येतं. इथे मेंदूकडे जाणारी नस सुकते. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं आणि बुबुळाच्या कडेच्या जाळीतून निघून जातं. मोरीची जाळी तुंबावी तशी ती तुंबली की दाब वाढतो. १० ते २१ हा साधारण दाब. काहींची नस मात्र सोळा-सतराच्या दाबालाही सुकते, म्हणून नस बघावी लागते, फील्डची, म्हणजे कडेपर्यंत किती दिसतं त्याची, तपासणी करावी लागते.

सई : बरं. पण गेलेली नजर कधी परत येईल?

मामा : येत नाही.

सई : लेझरने?

मामा : नाही. थेंब, लेझर, ऑपरेशन, सगळं उरलेली नजर राखायला.

सई : थोडीसुद्धा नाही?

मामा : नाही गं. नसेचा मेलेला तंतू पुन्हा जिवंत होत नाही. म्हणून तर ताईवर चिडतो. काही फरक पडत नाही म्हणते आणि थेंब बंद करते! आहे तेवढी नजर टिकली तर थेंब लागू पडले असं समजायचं. रोज ठरल्या वेळी खालची पापणी ओढायची, एकच थेंब टाकायचा, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा. दुसरं औषध पाच मिनिटांनी. आणि दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगायचं, काचबिंदूच्या टिमोलॉल थेंबांनी तो उसळतो.

सई : दमा नाही तिला. डोळे खाजले की मेडिकलमधून एक बाटली आणते, डेक्सा-काहीतरी. ती चालेल ना?

मामा : डेक्सामेथासोन? स्टिरॉइड आहे ते! आजच दाखव डॉक्टरांना. ॲलर्जीने डोळे चोळणारी पोरं पाहिलीत मी. एकदा लिहून दिलेली बाटली घरचे महिनोन्‌महिने आणत राहतात, खाज थांबली म्हणून खूश, आणि इकडे दाब वाढून नस गेलेली. चिठ्ठीशिवाय ही बाटली मिळतेच कशी? शिबिराशिबिरातून सांगून घसा बसला माझा.

सई : मलाही होईल का?

मामा : सख्ख्या नात्यात धोका जास्त. मी तिचा भाऊ, मी दरवर्षी तपासून घेतो. तूही चाळिशीची वाट बघू नकोस. दुकानात चष्म्याचा नंबर काढून भागायचं नाही, नेत्रतज्ज्ञांकडेच जा. बाहुली मोठी करायचे थेंब घालतील, काही तास अंधुक दिसेल. त्या दिवशी गाडी घेऊन जाऊ नकोस.