लाकूड नको म्हणालेत, तर आत्ताच बोलून घे

अगं, सासरे म्हणाले, 'माझ्यासाठी झाड तोडू नका,' आणि तू घाईघाईने चहाचे कप उचललेस! असं करू नकोस. माणूस असलं बोलणं दुसऱ्यांदा काढत नाही. आता तूच काढ, आणि काढशील तेव्हा नवरा आणि नणंद दोघंही शेजारी असू देत. इच्छापत्रात लिहून भागत नाही बाई. ते बहुतेक घरांत तेरावं झाल्यावर उघडतात. मृत्यूच्या दिवशी जे दारात उभे असतात, तेच सगळं ठरवतात.

झाडाखाली पुरायचं म्हणत असतील, तर ते मात्र जमायचं नाही. स्मशान आणि दफनभूमी हा आपल्याकडे राज्यांच्या यादीतला विषय आहे, आणि प्रत्यक्ष कारभार महापालिकेचा. ठरवून दिलेल्या जागेबाहेर देह पुरता येत नाही. आणि तुमचं चंदीगडच्या सेक्टर २२चं क्वार्टर तर सरकारी, अंगणातली मातीही आपली नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने २०१९मध्ये देहाची माती करायला कायद्याने परवानगी दिली, पण ते तिकडे. वसईतल्या काही चर्चमध्ये लाकडी पेटीऐवजी नुसत्या कापडात दफन करतात, ते मला फार आवडलं. पण त्यासाठी दफनभूमी आपल्या समाजाची हवी.

तुमच्यासाठी सरळ वाट सेक्टर २५च्या स्मशानाची. २३, २४ ओलांडले की आलंच. तिथे चितेबरोबर बिनलाकडाची दाहिनीही आहे. चितेला चार-पाचशे किलो लाकूड जातं, आणि पावसाळ्यात ओलं निघालं तर आणखी. दाहिनी चालू आहे का, हे मात्र फोन करून विचारायचं, गृहीत धरायचं नाही. सासूबाई विधींचं काढतील. त्यांना सांग, पाणी फिरवणं, मडकं फोडणं, कापूर लावणं, सगळं दाहिनीच्या दाराशी होतं. पंडितजींशी आधीच बोलून ठेवलं की ऐनवेळी वाद नको. अस्थीही मिळतात. अंगावर पॉलिस्टरची शाल आणि प्लास्टिकचे हार मात्र घालू देऊ नकोस. नाहीतर लाकूड वाचवलं आणि धूर विषारी केला, असं व्हायचं.

देहदान त्यांना पटलं तर पीजीआय आहे, सेक्टर ३२चं मेडिकल कॉलेज आहे. दोन्हीकडे शरीररचना विभागात फॉर्म मिळतो. पण फॉर्म भरला म्हणजे काम झालं असं नाही, घरातल्या एकाने हात आडवा केला की थांबलंच. अपघात, पोलीस केस किंवा काही संसर्ग असेल तर देह घेत नाहीत. म्हणून दाहिनीची तयारीही हवीच. डोळे मात्र सहा तासांच्या आत द्यावे लागतात, तेवढं लक्षात ठेव.

मृत्यू घरी झाला तर नेहमीच्या डॉक्टरांना बोलव. कारणाचा दाखला तेच देतील, आणि स्मशानात तो मागतात. नोंदणी २१ दिवसांत. १९६९च्या कायद्यातली ही मुदत टळली की दंड आणि खेटे. पेन्शन, बँक, सगळं नोंदणीनंतर मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्यावर अडतं.

अस्थींचं म्हणशील तर तिकडचे लोक हरिद्वारला किंवा किरतपूरला जातात. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडे आता कितीतरी घरं रक्षा शेतात टाकून त्यावर झाड लावतात. तुमचं गावाकडचं शेत आहेच की, थोडी हरिद्वारला, बाकी शेतात. फक्त एकाच खड्ड्यात सगळी ओतू नका, ती क्षारट असते, रोप जळतं. भरपूर मातीत मिसळायची. सुखना तलावात तर चिमूटभरही नको.

आणि हो, सासऱ्यांना पेसमेकर बसवलाय ना? दाहिनीत तो फुटतो, आधी काढून घ्यावा लागतो. त्याचं कार्ड, आधार आणि डॉक्टरांचा नंबर एकाच फायलीत ठेव, आणि फाईल कुठे आहे ते नणंदेलाही सांग.