यशवंतपूर हे नाव कोठे हरवते?

बेंगळूरु शहराच्या वायव्य भागातील यशवंतपूर हे रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. त्याच्या नावाचे लेखन मात्र एकच नाही. रेल्वेच्या रोमन लेखनात 'श'साठी नुसता एस आणि 'व'साठी व्ही येतो. व्यवहारात 'श'साठी एस-एच, 'व'साठी डब्ल्यू आणि दक्षिणेच्या रिवाजानुसार 'त'साठी टी-एच लिहिण्याची प्रथा आहे. हिंदीत 'पुर' ऱ्हस्व. मराठीत मात्र ग्रामनामातील 'पूर' दीर्घच लिहावा, असा लेखननियमच आहे. माणसाला या सर्व रूपांत एकच गाव दिसते. संगणकाला ती वेगवेगळी नावे वाटतात. ग्रंथालयाच्या सूचीत 'यशवंतपूर' शोधणाऱ्या वाचकास 'काहीही आढळले नाही' असे उत्तर मिळाले, तर पुस्तक नाहीच असे समजून तो परत जातो. ते पुस्तक कपाटात असते, सूचीतही असते. असे खोटे नकार कोठून येतात, हे पाहावयाचे असेल तर प्रथम साठवणीकडे वळले पाहिजे.

संगणक अक्षरे साठवीत नाही. तो अंक साठवितो. युनिकोडच्या हिशेबाने 'यशवंतपूर' या शब्दात य, श, व, अनुस्वार, त, प, दीर्घ ऊकार आणि र अशी ८ चिन्हे आहेत. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. म्हणजे एकूण २४. बिघाडाचे निदान करताना हे दोन आकडे फार उपयोगी पडतात. नोंद तपासली असता ८ चिन्हे व २४ बाइट निघाले, तर साठवण ठीक आहे. ८ चिन्हे आणि ८ बाइट निघून पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग दिसली, तर मजकूर लिहितानाच नष्ट झाला आहे व तो मूळ कागदावरून पुन्हा भरण्यावाचून गत्यंतर नाही. २४ चिन्हे आणि सुमारे ५० बाइट निघाले, म्हणजे टोपी-टिंबे घातलेल्या लॅटिन अक्षरांचा गोंधळ दिसला, तर घाबरण्याचे कारण नाही. बाइट शाबूत असून त्यांवर दुसऱ्यांदा संस्कार झाला आहे. तो उलटविता येतो. या दोन अवस्थांतील फरक न ओळखता घाईने 'दुरुस्ती' करणारे लोक वाचण्याजोगा मजकूरही गमावतात.

मायएसक्यूएल या लोकप्रिय प्रणालीत २०१८ साली आलेल्या आठव्या आवृत्तीपर्यंत मूळ नेमणूक लॅटिन वर्णसंचाची होती. तक्ता, संकेतस्थळ आणि त्या दोहोंमधील जोडणी या तिन्ही ठिकाणी एकच वर्णसंच नेमलेला आहे की नाही, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे. जोडणी बहुधा विसरली जाते.

रकान्याची लांबी हाही असाच एक सापळा होय. ऑरेकलमध्ये वेगळे सांगितले नाही तर लांबी बाइटांत मोजली जाते. २० बाइटांचा रकाना रोमन नावास पुरतो. देवनागरी 'यशवंतपूर' त्यात मावत नाही. प्रणाली अशा वेळी निदान तक्रार तरी करते. परंतु आधीच्या एखाद्या कार्यक्रमाने मजकूर २० बाइटांवर कापून पाठविला, तर 'यशवंतप' आणि त्यापुढे ऊकाराचा अर्धवट तुकडा एवढेच उरते.

साठवण निर्दोष असूनही शोध फसतो, तेव्हा प्रश्न भाषेचा असतो. शोधसूची बनविताना मजकुराचे शब्द पाडावे लागतात. पायथन भाषेतील नेहमीच्या शब्दखुणेने हे काम केले, तर अनुस्वार व ऊकार यांना ती अक्षरे मानीत नाही. परिणामी 'यशव', 'तप' आणि 'र' असे तीन तुकडे पडतात. मग तपश्चर्येवरील ग्रंथ शोधणाऱ्यापुढे रेल्वेस्थानक उभे राहते! तीन चिन्हांहून लहान शब्द वगळण्याचा नियम सूचीला लावलेला असला, तर 'तप' आणि 'र' हेही तुकडे गळून जातात.

याहून अवघड गोष्ट मराठीच्या घडणीतच आहे. इंग्रजीत नाव वाक्यात आले तरी त्याचे रूप सहसा बदलत नाही. मराठीत 'यशवंतपूर' हे 'यशवंतपूरला', 'यशवंतपूरचा' होते आणि 'यशवंतपुरात' म्हणताना तर आतला ऊकारच ऱ्हस्व होतो. त्यामुळे शब्दाच्या आरंभावरून जुळणी करण्याची युक्तीही येथे तोकडी पडते. त्यात 'यशवन्तपूर' असे परसवर्णाने लिहिणारे जुने लेखक आहेतच. युनिकोडमधील प्रमाणीकरण 'ऱ' हे अक्षर आणि नुक्त्यासह लिहिलेला 'र' यांना एक करते. अनुस्वार आणि अर्धा 'न' यांना ते एक मानीत नाही.

यावर उपाय असा की, मूळ मजकुरास हात न लावता शेजारी दुसरा रकाना ठेवावा व त्यात शोधापुरते रूप साठवावे. दीर्घ ईकार-ऊकार ऱ्हस्व करावेत, अर्ध्या अनुनासिकाच्या जागी अनुस्वार घ्यावा, न दिसणारी जोडचिन्हे काढावीत आणि शक्य तेथे विभक्तिप्रत्यय तोडावेत. लूसीन या मुक्त शोधसाधनात हिंदीसाठी यांपैकी बराच संस्कार तयार मिळतो. मात्र त्यातील प्रत्यय हिंदीचे असल्याने मराठीसाठी ते काम निराळे करावे लागते. वाचकाने टंकलेल्या शब्दावरही हाच संस्कार झाला पाहिजे, नाहीतर सारा खटाटोप व्यर्थ. याची किंमतही आहे: 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' एकत्र येतात. ग्रंथसूचीत ही किंमत मोजावी. चार नको असलेली पुस्तके वाचक बाजूला सारील, पण न दिसलेले पुस्तक तो मागणार नाही. स्थानकांच्या बाबतीत रेल्वेने हा प्रश्न पूर्वीच सोडविला आहे. यशवंतपूरचा संकेत 'वायपीआर'. नाव कोणत्याही लिपीत लिहिले तरी नोंदी त्या संकेताशीच बांधलेल्या राहतात.

संस्काराचे नियम बदलले की जुनी शोधसूची मोडून नव्याने उभारावी लागते. ते राहून गेले, तर नवी पुस्तके सापडतात आणि जुनी हरवतात. आणि दोष पुन्हा साठवणीच्या माथी मारला जातो.