घटक ७ : समाजमाध्यमे आणि समूहबांधणी

७.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणास –
• संदेशांचा गट आणि समूह यांतील फरक सांगता येईल.
• समाजमाध्यमांवर अफवा वेगाने का पसरते, हे स्पष्ट करता येईल.
• विश्वासावर आधारलेला समूह उभारण्याचे टप्पे विशद करता येतील.
• आपण सभासद असलेल्या एखाद्या गटाचे परीक्षण करता येईल.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, भावकी, जुने वर्गमित्र, बचतगट, गावचे तरुण मंडळ अशा अनेक व्हॉट्सॲप गटांत आज आपले नाव असते. परंतु गटात नाव असणे म्हणजे समूहाचा घटक असणे होय काय? या प्रश्नाचा विचार आपण नंदुरबार जिल्हा आणि त्याचा शेजार यांच्या संदर्भात करणार आहोत.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. भिली, पावरी, मावची, अहिराणी अशा बोली येथे नांदतात. साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास होती. म्हणून येथे समूहबांधणीचा विचार करताना केवळ लिखित मराठी गृहीत धरून चालत नाही.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ समूह म्हणजे काय?

जर्मन समाजशास्त्रज्ञ फर्डिनांड ट्यॉनीस यांनी १८८७ मध्ये जिव्हाळ्याने बांधलेला समुदाय आणि हितसंबंधांपुरता एकत्र आलेला समाज असा भेद मांडला. हॉवर्ड राइनगोल्ड यांनी १९९३ मध्ये ‘द व्हर्च्युअल कम्युनिटी’ या ग्रंथात संगणकाच्या जाळ्यावर जुळणाऱ्या समुदायांचा विचार केला. पुरेशी माणसे, पुरेसा काळ, आपुलकीने चर्चा करीत राहिली तर त्यांच्यात नाती तयार होतात, असे त्यांच्या विवेचनाचे सार आहे.

धडगाव किंवा मोलगी येथील आठवडे बाजार डोळ्यांसमोर आणा. तेथे धान्य आणि मीठमिरचीबरोबर बातम्यांचीही देवाणघेवाण होते. मात्र सांगणारा कोणत्या पाड्यावरचा, कोणाचा मुलगा, त्याच्या शब्दाला किती वजन द्यायचे, हे ऐकणाऱ्यास ठाऊक असते. बातमीला तेथे चेहरा असतो आणि सांगणाऱ्यावर तिची जबाबदारीही असते. समाजमाध्यमावरील गटाचा समूह व्हायचा असेल, तर हीच जबाबदारी तेथे निर्माण करावी लागते.

७.२.२ जबाबदारी नसते तेव्हा : राईनपाडा

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे बाजाराचा दिवस होता. साक्री तालुका नंदुरबार जिल्ह्याला लागून आहे. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या काळात भ्रमणध्वनीवरून पसरले होते. भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने त्या संशयावरून मारहाण करून ठार केले. ते निरपराध होते.

या घटनेकडे अभ्यासक म्हणून पाहताना एक गोष्ट लक्षात घ्या. पुढे पाठविलेल्या संदेशाचा मूळ लेखक दिसत नाही. दिसतो तो पाठविणारा मामा, मित्र किंवा शेजारी. त्या माणसावरचा विश्वास नकळत संदेशाला चिकटतो. पाठविणाऱ्यालाही आपण काही विधान केले असे वाटत नाही. त्याने केवळ ‘पुढे पाठविले’ असते. अशा रीतीने प्रत्येक जण विश्वास ठेवतो आणि जबाबदारी मात्र कोणीच घेत नाही.

देशात अशा अनेक घटना घडल्यानंतर जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने पुढे पाठविलेल्या संदेशावर तशी खूण दाखविण्यास आरंभ केला आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठविण्याची मर्यादा जाहीर केली. अशा उपायांनी वेग कमी होतो. परंतु संदेश खरा की खोटा, हे माणसांनाच ठरवावे लागते.

७.२.३ दोन विधायक उदाहरणे

(अ) सीजीनेट स्वर : २०१० मध्ये छत्तीसगडात पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांच्या पुढाकाराने हा उपक्रम सुरू झाला. साध्या भ्रमणध्वनीवरून आपल्या भाषेत बोलून निरोप नोंदविता येतो. तो तपासल्यानंतरच इतरांना ऐकविला जातो. लिहिता-वाचता न येणाराही समूहाचा वक्ता होऊ शकतो, हे यातून दिसते.

(आ) जयस : नर्मदेच्या पलीकडील मध्य प्रदेशात ‘जय आदिवासी युवा शक्ती’ ही संघटना गेल्या दशकात फेसबुकच्या साहाय्याने तरुणांत पसरली. संघटनेचे डॉ. हिरालाल अलावा २०१८ मध्ये मनावर मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आले. संघटनेच्या भूमिकांविषयी मतभेद असू शकतात. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की पडद्यावरची ओळख प्रत्यक्ष सभा-संमेलनांपर्यंत पोहोचली, तेव्हाच तिला बळ आले.

७.२.४ समूहबांधणीचे टप्पे

१. हेतू : गट कशासाठी आहे, हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. उदा. ‘परीक्षेची तयारी एकत्र करणे’.
२. सभासद : आरंभ परस्परांना ओळखणाऱ्यांपासून करावा. कोणाचाही क्रमांक त्याच्या संमतीशिवाय गटात घेऊ नये; महिला सभासदांच्या बाबतीत ही दक्षता विशेष महत्त्वाची आहे.
३. नियम : ‘हे तुम्हाला कोणी सांगितले?’ असे विचारणे हा अपमान नव्हे, हे प्रथमच ठरवावे. खातरजमा न झालेला संदेश पुढे पाठवू नये.
४. संचालक : सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, समान हेतू असल्याखेरीज, गटप्रमुखास फौजदारी दृष्ट्या जबाबदार धरता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला. तथापि कायदेशीर उत्तरदायित्व नसले तरी नैतिक उत्तरदायित्व उरतेच.
५. भाषा : बोलीतील ध्वनिसंदेशांना लिखित संदेशांइतकाच मान द्यावा.
६. प्रत्यक्ष भेट : सातपुड्यातील दुर्गम पाड्यांवर जोडणी सर्वत्र सारखी मिळत नाही. जो जोडणीत नाही, त्याच्यापर्यंत निरोप पोहोचविणारी व्यक्ती नेमावी आणि ठरावीक काळाने एकत्र बसावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. पुढे पाठविलेल्या संदेशावर विश्वास का बसतो?
२. आठवडे बाजारातील बातमी आणि गटावरील बातमी यांत कोणता भेद आहे?

७.३ सारांश

समाजमाध्यमे माणसांना जोडण्याची सोय देतात. समूह मात्र हेतू, नियम, परस्परविश्वास आणि प्रत्यक्ष सहवास यांतून घडतो. राईनपाड्याची घटना जबाबदारीविना पसरणाऱ्या शब्दाचा धोका दाखविते. सीजीनेट स्वर आणि जयस ही उदाहरणे त्याच साधनाचा विधायक उपयोग दाखवितात.

७.४ स्वाध्याय

१. ‘गटाचा समूह होण्यासाठी जबाबदारी आवश्यक असते’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. उपक्रम : आपण सभासद असलेल्या एका गटातील सात दिवसांचे संदेश पाहा. स्वतः लिहिलेले आणि पुढे पाठविलेले संदेश वेगळे मोजा. पुढे पाठविलेल्यांपैकी एका संदेशाचा उगम शोधण्याचा प्रयत्न करा. कोणाचेही नाव न लिहिता आपली निरीक्षणे एका पानात नोंदवा आणि संपर्कसत्रात सहाध्यायांसमोर मांडा.