पांढरे ते सारे प्लॅटिनम नव्हे



'पांढरे सोने' म्हटले की आपल्या घरातील खान्देशी आजी-आजोबांना कापूस आठवतो. सुरतच्या दागिन्यांच्या दुकानात त्याचा अर्थ वेगळा आहे, आणि प्लॅटिनम ही तर तिसरीच वस्तू आहे. ही नावे एकमेकांत मिसळली की काय होते, ते आम्ही जवळून पाहिले आहे.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने हिरे घासण्याच्या कमाईतून बहिणीच्या लग्नात मेहुण्यांना अंगठी केली. "प्लॅटिनमची आहे," असे त्याने सर्वांना सांगितले. दोन वर्षांत अंगठी पिवळसर दिसू लागली. खोटी अंगठी दिली, अशी सासरी कुजबुज सुरू झाली. शेवटी त्याची आई अंगठी आणि बिल घेऊन शाळेत आली. आम्ही भिंगातून अंगठीची आतली बाजू पाहिली. तेथे ७५० हा आकडा होता. बिलावरही इंग्रजीत 'व्हाईट गोल्ड' असे स्पष्ट लिहिले होते. दुकानदाराने फसवले नव्हते. घरात कोणी बिल वाचलेच नव्हते.

फरक काय?

व्हाईट गोल्ड हे सोनेच असते. ७५० म्हणजे हजार भागांत ७५० भाग सोने, अर्थात १८ कॅरेट. त्यात पॅलेडियम किंवा निकेलसारखे धातू मिसळून पिवळेपणा कमी करतात आणि वरून बहुधा ऱ्होडियमचा पातळ मुलामा देतात. मुलामा झिजला की आतली पिवळसर झाक दिसते. पुन्हा मुलामा दिला की अंगठी पहिल्यासारखी होते.

प्लॅटिनम हे स्वतंत्र मूलद्रव्य आहे. त्याचा अणुअंक ७८. त्याचा पांढरा रंग मूळचाच असतो. वापराने त्यावर बारीक चरे पडतात व चमक थोडी मंदावते, पण ते पिवळे पडत नाही. दागिन्यात ते बहुधा हजारात ९५० भाग असते, म्हणून आत 'पीटी ९५०' असा छाप असतो.

दक्षिण अमेरिकेत सोने शोधणाऱ्या स्पॅनिश लोकांनी या धातूला 'प्लॅटिना', म्हणजे छोटी चांदी, असे नाव दिले. त्यांच्या भट्टीत तो वितळत नसे. चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, सोने १०६४ला, तर प्लॅटिनमला १७६८ अंश लागतात. म्हणूनच प्लॅटिनमच्या कारागिराला जास्त उष्णतेची ज्योत आणि डोळ्यांसाठी गडद चष्मा लागतो. आज जगातील सर्वाधिक प्लॅटिनम दक्षिण आफ्रिकेतील खाणींतून निघते.

वजनाची परीक्षा

चांदीची घनता १०.५, सोन्याची १९.३ आणि प्लॅटिनमची सुमारे २१.४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे. आर्किमिडीजचे तत्त्व आठवा. २१ ग्रॅमचा प्लॅटिनमचा तुकडा दोऱ्याने पाण्यात सोडला, तर तो सुमारे १ ग्रॅमने हलका भासेल. तेवढाच चांदीचा तुकडा सुमारे २ ग्रॅमने हलका भासेल. मात्र दागिन्यात खडे जडवलेले असतील, तर हा हिशेब चालणार नाही. का, याचे उत्तर तुम्हीच शोधा.

लक्षात ठेवा

१. रंगावरून धातू ठरवू नका. आतला छाप पाहा.
२. बिलावर धातूचे नाव, शुद्धता आणि वजन लिहून घ्या.
३. बिल इंग्रजीत असेल तर ते घरच्यांना मराठीत वाचून दाखवा. हे काम तुमचे.

त्या माउलीला आम्ही आणखी एक गोष्ट सांगितली. २०१५ पासून सोन्याचा भाव प्लॅटिनमपेक्षा वर राहिला आहे, तेव्हा मुलाने दिलेली भेट मुळीच हलकी नव्हती. ती बिलाच्या समासात त्याचा मराठी अर्थ लिहून घेऊन गेली. शाळेत शिकलेली चार अक्षरे घरची अब्रू अशीही राखतात.

— मुख्याध्यापक