वायु दाबणारीं यंत्रें कां मोडतात?

सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें नळकांडें तापतें, हें तुम्हांपैकीं बहुतेकांस ठाऊक असेल. दांडा घासतो म्हणून तें तापतें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु मुख्य कारण निराळें आहे. वायु झपाट्यानें दाबला कीं त्याचें तपमान वाढतें, हा सृष्टीचा नियमच आहे. शिवाय चाकांत शिरलेली हवा परत फिरत नाहीं, कारण तोंडाशीं एकाच दिशेनें वाट देणारी झडप असते. उष्णता आणि झडप ह्या दोन गोष्टी ध्यानांत ठेवल्या, म्हणजे पुढील विषय सहज समजेल.

खतासाठीं लागणारा अमोनिया नायट्रोजन व हायड्रोजन ह्या वायूंपासून बनवितात. त्यासाठीं ह्या वायूंवर नेहमीच्या हवेच्या शंभराहून अधिक पट दाब द्यावा लागतो. हें काम करणाऱ्या यंत्रास काँप्रेसर म्हणतात. सर्व दाब एकदम दिला तर वायु फार तापेल. म्हणून तो टप्प्याटप्प्यानें दाबतात आणि मध्यें थंड करितात.

दट्ट्याच्या काँप्रेसरचे तीन मोठे शत्रु आहेत. पहिला शत्रु उष्णता. थंड करणारें पाणी कमी पडलें, तर वंगणाचें तेल करपतें, झडपांवर काजळी बसते व त्या नीट मिटत नाहींत. मग तापलेला वायु मागें येऊन पुन्हां दाबला जातो आणि अधिकच तापतो. दुसरा शत्रु द्रव. वायु थंड होतांना त्यांतील कांहीं अंशाचा द्रव होतो. तो वेळींच वेगळा काढला नाहीं व दट्ट्यापुढें सांपडला, तर द्रव जवळजवळ दबतच नसल्यामुळें दांडा वांकतो किंवा नळकांडें फुटतें. तिसरा शत्रु धातूचा थकवा. तार पुनःपुन्हां वांकविली कीं ती शेवटीं तुटते. मिनिटास 300 फेरे घेणाऱ्या यंत्राची झडप एका दिवसांत 4,32,000 वेळां उघडते व मिटते. मग तिच्या पातळ पत्र्यास बारीकशी चीर पडली, तर नवल काय?

दुसऱ्या जातीच्या काँप्रेसरमध्यें दट्ट्याऐवजीं वेगानें फिरणारीं चाकें असतात. वायु उलट फिरून त्यांस इजा होऊं नये, म्हणून नळांत एकाच दिशेनें वाट देणाऱ्या मोठ्या झडपा बसवितात. अमेरिकेच्या टेक्सास संस्थानांत, डीअर पार्क येथील शेल कंपनीच्या कारखान्यांत अशीच 36 इंच व्यासाची एक झडप होती. तिच्या आंतील एक लहानशी पिन तुटली. त्यामुळें झडपेचा दांडा सुटला, आंतल्या दाबानें तो बाहेर फेंकला गेला, आणि त्या भोंकांतून निघालेल्या ज्वालाग्राही वायूचा स्फोट झाला. ही गोष्ट 22 जून 1997 ची. आग सुमारें दहा तास जळत होती. सुदैवानें कोणी दगावलें नाहीं. कांहीं कामगारांस किरकोळ इजा झाली.

चौकशींत जें उघडकीस आलें, तें पिनेच्या मोडण्याहून अधिक विचार करण्याजोगें आहे. अशा झडपा त्यापूर्वींही अन्यत्र मोडल्या होत्या. परंतु त्या अनुभवाचा बोध जेथें पोहोंचावयास हवा होता तेथें पोहोंचला नाहीं. पिन लोखंडाची होती, ती तुटली. पण बातमी माणसांच्या हातीं होती, ती वाटेंतच राहिली.

यंत्र बहुधा आधीं सूचना देतें. त्याचा आवाज बदलतो, थरथर वाढते, एखादा भाग नेहमींपेक्षां अधिक तापतो. तुमच्यापैकीं जे पुढें कारखान्यांत जातील, त्यांनीं अशी सूचना वहींत लिहावी आणि वरिष्ठांस निर्भयपणें सांगावी. पालकांसही एक विनंती आहे: घरांतील वस्तु मोडल्याची बातमी मूल आपण होऊन घेऊन आलें, तर आधीं तें ऐकून घ्यावें, रागें भरूं नये. आज जो मुलगा अशी बातमी सांगण्यास भितो, तो उद्यां काँप्रेसरची खडखड ऐकूनही गप्प बसेल.